नेढ्यातला अर्विड

"नेढ्यातून मी आजही डोळे मिटून पार होईन!"

अर्विड टॉलेफसनने हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या एका हातात सॉसेज घातलेला पाव होता, आणि दुसऱ्या हातात तो संपल्यावर खायचा पाव होता. ऑक्टोबरातली लख्ख सकाळ. विद्यापीठाच्या मैदानामागे माजी विद्यार्थ्यांच्या गाड्या ओळीने लागलेल्या, प्रत्येक गाडीचं मागचं दार उघडं आणि प्रत्येक दारापाशी एक शेगडी धुमसत असलेली. वार्षिक मेळाव्याचा फुटबॉल सामना सुरू व्हायला अवकाश होता. आपला संघ दर वर्षी या दिवशी हरतो, म्हणून लोक आधीच पोटभर खाऊन घेतात.

"तू? पार होशील?" ड्वेन श्मिट्झने विचारलं. ड्वेन म्हणजे अर्विडचा वसतिगृहातला खोलीसोबती, आता मोठ्या गोठ्याचा मालक. कुठल्याही प्राण्याकडे नुसतं बघून त्याचं वजन सांगायची त्याला सवय. त्याने अर्विडला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मनातल्या मनात काहीतरी हिशेब केला आणि सभ्यपणे शेगडीकडे वळला.

"अरे, पँटचा घेर कॉलेजात होता तोच आहे माझा!"

हे खरं होतं. फक्त पूर्वी पँट पोटावर बसायची, आता ती पोटाखालून जायची. पोट हा विषयच तिने सोडून दिला होता.

"अर्विड," त्याची बायको मार्लिस घडीच्या खुर्चीत विणत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "बरं वाटतंय ना तुला?"

अमेरिकेच्या या भागात, मिनेसोटात, बायकोने हा प्रश्न विचारला की शहाण्या नवऱ्याने मुकाट्याने खाली बसायचं असतं. अर्विड आजवर बसत आला होता. पण आज हवेत जळक्या पानांचा वास होता, लांबून बँडची तालीम ऐकू येत होती, आणि मुख्य म्हणजे ड्वेनच्या खांद्यांवरून कळत होतं की तो पाठमोरा हसतोय.

आता नेढं म्हणजे काय, ते सांगायला हवं. विद्यापीठाच्या मधल्या हिरवळीवर एक शिल्प आहे. त्याचं कागदोपत्री नाव 'अवकाशाशी संवाद, क्रमांक चार'. आधीचे तीन संवाद कुठे झाले आणि ते कशावरून फिसकटले, कोणालाच ठाऊक नाही. गंजाच्या रंगाचे जाडजूड पोलादी पत्रे एकमेकांवर रेललेले. एक दुमडलेला, एक आकाशात घुसलेला, आणि मधोमध, कमरेच्या उंचीवर, एक वेडंवाकडं भोक. ते बसवलं तेव्हा आसपासचे शेतकरी सहकुटुंब बघायला आले होते. टोप्या हातात धरून बराच वेळ उभे राहिले. शेवटी एक जण म्हणाला, "वेगळं आहे." या भागात यापेक्षा कडक टीका कोणी करत नाही. दुसऱ्याला वाटलं, वादळाने कोणाचं तरी मळणीयंत्र उचलून आणून टाकलंय, त्याने हळूच विचारलं, "बिचाऱ्याचा विमा होता का?"

पण पोरांनी ते आपलंसं केलं. इथली पोरं चर्चच्या बाकांवर वाढलेली. बायबलातला उंट सुईच्या नेढ्यातून कसा जाणार, ही काळजी त्यांना दुधाच्या दातांपासून. तेव्हा भोकाचं नाव आपोआप नेढं पडलं, आणि एक रीतही पडली: पदवीच्या दिवशी झगा आवरायचा आणि नेढ्यातून पार व्हायचं. जो वळसा घालून जाईल त्याची पदवी अंगी लागत नाही. एक जण मुद्दाम वळसा घालून गेला होता. त्याचं पुढे काय झालं विचाराल, तर तो राजकारणात गेला.

शिवाय नेढं वाजायचं. पश्चिमेकडून वारा आला की 'हूऽऽ' असा लांब, जरासा उदास सूर निघायचा, रिकाम्या बाटलीत फुंकर घातल्यासारखा. त्या सुरावर कितीतरी पोरं झोपली, प्रेमात पडली, नापास झाली.

अर्विडला मार्लिस पहिल्यांदा दिसली तीही याच्याच सावलीत. ती डबा खात होती. हिच्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्याने शिल्पाकडे बोट करून विचारलं, "हे नक्की काय असावं?" मार्लिसने मान वर न करता उत्तर दिलं, "अंडं आणि पाव." ती डब्याबद्दल बोलत होती. अर्विडला वाटलं, शिल्पाबद्दल! एवढी खोल मुलगी त्याने जन्मात पाहिली नव्हती. खरा प्रकार उघडकीला आला तोवर साखरपुडा होऊन गेला होता.

असं ते नेढं. अर्विड आणि ड्वेन तिथे जाऊन उभे राहिले. मेपलची लाल पानं खाली पसरली होती. भोकाचा खालचा काठ काळपट, गुळगुळीत झाला होता; इतक्या वर्षांचे झगे त्याच्यावरून घासत गेले होते. अर्विडने तिथे तळवा टेकला. पोलाद उन्हाने कोमट होतं, एखाद्या बसलेल्या जनावराच्या पाठीसारखं.

"रडतोयस की काय?" ड्वेनने विचारलं.

"वारा लागला डोळ्याला."

"वारा पाठीमागून आहे, अर्व्या."

 अर्विडने कोट काढला, टोपी काढली आणि डोकं आत घातलं.

डोकं गेलं. खांदे तिरके करून गेले. हात गेले. छाती गेली तेव्हा तर त्याने विजयाचा एक हुंकारही दिला. मग पोटाची पाळी आली. निम्मं पोट गेलं. उरलेल्या निम्म्याने अलीकडेच बैठक मारली. गेलेलं निम्मं पलीकडे जाऊन ऐसपैस पसरलं होतं, त्यामुळे तेही माघारी यायला तयार होईना. भरलेल्या पोत्याला मधोमध दोरी आवळावी, तसा अर्विड दिसत होता.

आणि सूर थांबला! त्या हिरवळीवर वारा वाहत होता आणि नेढं वाजत नव्हतं, असं आजवर झालंच नव्हतं. ग्रंथालयातल्या म्हाताऱ्या बाई खिडकीशी आल्या. समोरच्या रस्त्यावरून जाणारा एक प्राध्यापक थबकला आणि आपल्याला ऐकू येईनासं झालं की काय, म्हणून त्याने कानात बोट घालून पाहिलं.

मार्लिस विणकाम आणि खुर्ची घेऊन सावकाश आली. खुर्ची उलगडून अर्विडच्या तोंडासमोर बसली.

"अडकलास?"

"छे छे! जरा टेकलोय."

"बरं. मग बसते मी."

ओळीभर विणून झाल्यावर अर्विड म्हणाला, "मार्लिस."

"हं."

"समजा, एखादा माणूस कुठेतरी अडकला..."

"समजलं."

"तर त्याने सगळ्यात आधी काय करावं?"

"आधी कबूल करावं."

अर्विडने कबूल केलं. ड्वेनने मागून पाय ओढून पाहिले, बूट निघून हातात आले. शेवटी अग्निशामक दलाला बोलवावं लागलं. दलाचा प्रमुख गॉर्डी रॅसमुसन याच विद्यापीठाचा, याच नेढ्यातून गेलेला. त्याने टोपी मागे सरकवून चारही बाजूंनी पाहणी केली, अर्विडच्या पोटात बोट खुपसून पाहिलं आणि म्हणाला, "सोपं आहे. हा काठ इथून इथपर्यंत कापला की मोकळा!"

"काय कापायचं?" अर्विड ओरडला.

"पत्रा. तुला नाही."

"मला काप! याला हात लावायचा नाही!"

एवढ्यात कला विभागाच्या लेनोरा पाईक धावत आल्या. शिल्पाची सगळी देखभाल त्यांच्याकडे. "हे शिल्प पूर्ण आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या, "यातून काही काढता येत नाही आणि यात काही घालता येत नाही!"

"बाई, आत्ता त्यात टॉलेफसन घातलेला आहे," गॉर्डी म्हणाला.

लेनोराबाईंनी अर्विडकडे पाहिलं. "नमस्कार," त्या म्हणाल्या. कितीही आणीबाणी असली तरी इथे रीत सोडत नाहीत.

"नमस्कार," अर्विड म्हणाला. "छान आहे हं शिल्प."

बराच खल झाला. कापलेला पत्रा पुन्हा जोडता येईल, पण तो जोडलेला दिसेल. काठ आत येईल, भोक बदलेल, आणि मग ते वाजेल की नाही, देव जाणे. अर्विडला हे ऐकवेना. इतक्या पोरांनी घासून गुळगुळीत केलेला काठ, आणि तो कापला जाणार कोणामुळे? तर उंटामुळे!

"सामना संपेपर्यंत थांबतो," गॉर्डी शेवटी म्हणाला. "सामना संपला की सगळी गर्दी इकडून जाणार. चेंगराचेंगरी नको. तेव्हा मात्र कापणार म्हणजे कापणार. तोवर बारीक हो."

"एवढ्या वेळात?"

"बरं, बारीक नको होऊस. निदान जाड तरी होऊ नकोस!"

साधी अट होती. दुसऱ्या कुठल्याही गावात कोणीही पाळली असती.

पण इथे कोणावर संकट आलं, म्हणजे मयत झाली, गारा पडल्या, ऑपरेशन ठरलं, किंवा मुलगा चित्रकार व्हायचं म्हणाला, की शेजारीपाजारी सगळ्यात आधी भट्टी पेटवतात. मग तासाभरात दारात हॉटडिश येते. खिमा, डब्यातलं मशरूमचं दाट सूप, त्यावर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांचा थर, आणि हे सगळं भाजून, टॉवेलात गुंडाळून. चर्चच्या बायकांच्या तंबूत बातमी पोचली ती अशी: टॉलेफसनचा अर्विड लोखंडात अडकलाय आणि सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही! यातला पहिला भाग खरा होता.

बरं, नाही म्हणायचीही एक रीत आहे. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, 'नको नको.' दुसऱ्यांदा विचारलं की, 'अहो, उगाच कशाला त्रास.' तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं. यापुढे नाही म्हणण्याची या जिल्ह्यात सोयच नाही. एकाने म्हणून पाहिलं होतं, तो नंतर कॅलिफोर्नियात राहायला गेला.

"थोडीशी चव तरी बघ, अर्विड!" पहिल्या बाई आल्या.

"नको नको."

"चमचाभर."

"अहो, उगाच कशाला त्रास."

"बघ हं, गरम आहे."

अर्विडने तोंड उघडलं. दुसरं करणार काय?

मग रांगच लागली. खिम्याची आली, टर्कीची आली, नूडल्सची आली. गाजराचा कीस घातलेली जेलो, म्हणजे हिरवी गोड जेली, आली आणि अर्विडच्या नाकासमोर थरथरत उभी राहिली. प्रत्येक चमच्यानिशी गॉर्डीचा चेहरा उतरत होता.

"अहो, खायला घालू नका त्याला!" तो शेवटी म्हणाला.

"बरोबर आहे तुझं," बाया म्हणाल्या. "तूही सकाळपासून उभा आहेस. घे!"

"नको नको," गॉर्डी म्हणाला, आणि थोड्याच वेळात तोही ताट घेऊन बसला.

हा झाला पुढचा दर्शनी भाग. मागच्या बाजूला, मैदानाकडून येणाऱ्या लोकांना, फक्त पाय दिसत होते. "अर्विड ना रे? मोज्यांवरून ओळखलं!" असं म्हणून जुने दोस्त पोटरीवर थाप मारून जात. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी त्याच्या नावाचं लेबल पँटच्या मागच्या खिशावर चिकटवलं. दोन निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ आले. पत्रा तापवला तर भोक मोठं होतं की लहान, यावर ते बोलायला लागले आणि बोलता बोलता भांडायला लागले. शेवटी 'प्रयोगच करू' म्हणून दोघेही शेगडी आणायला गेले. मार्लिसने विणकामाची सुई उगारली तेव्हा माघारी वळले.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र झाली. अर्विडला हलता येत नव्हतं, म्हणून तो बघत राहिला. समोर ग्रंथालय होतं. दुसऱ्या मजल्याची कोपऱ्यातली खिडकी तशीच होती. तिथे मार्लिस पुस्तकांवर शिक्के मारायची, आणि अर्विड रोज एक पुस्तक घ्यायचा, तेही कुठलंही. कोंबड्यांच्या रोगांवरचे चारही खंड त्याने असेच वाचले होते. डावीकडे वसतिगृह. थंडीत खिडकीबाहेर दुधाची बाटली ठेवून ती गोठवायची आणि ड्वेनच्या उशीखाली ठेवून द्यायची. तळमजल्यावरच्या फोनसमोरची रांग. ड्वेनचा खटारा, जो फक्त उतारावर सुरू व्हायचा, म्हणून प्रेमाच्या सगळ्या भेटी टेकडीच्या खालच्या गावात झाल्या. इतकी वर्षं अर्विड दर ऑक्टोबरला येत होता, दोन पाव खात होता, सामना हरल्यावर निघून जात होता. इथे असा, एका जागी, बघत थांबला नव्हता. त्यासाठी लोखंडात अडकावं लागलं.

"मार्लिस," तो हळूच म्हणाला, "ती खिडकी बघ."

मार्लिसने मान वळवली. विणकाम मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "कोंबड्यांची तुला खरंच आवड आहे, असं मला लग्नानंतरही वाटत होतं."

"मी सांगणार होतो."

"मी सासरी येताना बारा कोंबड्या आणल्या होत्या, अर्विड!"

एवढ्यात मागून गलका झाला. दुग्धशाळेच्या विद्यार्थ्यांनी लोणी आणलं होतं, तेही बादलीने. लेनोराबाईंनी 'गंजावर डाग पडतील' म्हणून हात जोडले, पण 'कापण्यापेक्षा बरं' असं स्वतःच म्हणून बाह्या सरसावल्या आणि सगळ्यात जास्त लोणी त्यांनीच चोपडलं. ड्वेन गाडीतून दोर घेऊन आला.

"हा कसला दोर?" अर्विडने पुढून विचारलं. त्याला मागचं काही दिसत नव्हतं.

"गाय अडली की वासराला लावतो तो," ड्वेन त्याच्या घोट्यांना गाठ मारत म्हणाला. "घाबरू नकोस. आयुष्य गेलंय यात माझं. पाय आधी आले की जरा अवघड जातं, पण निघतं."

"आणि नाही निघालं तर?"

ड्वेनने या प्रश्नाचं उत्तर गायींनाही कधी दिलं नव्हतं. "चला रे, कळ आली की ओढायचं! अर्व्या, जोर कर! हांऽऽ! शाब्बास माझी बाय!"

"मी पुरुष आहे!"

"सगळ्या असंच ओरडतात. जोर कर!"

त्यांनी ओढलं. अर्विड लोण्यात पाण्यातल्या माशासारखा फिरला, पालथा होता तो उताणा झाला, पण बाहेर काही आला नाही. आता त्याला आभाळ दिसत होतं आणि बायांना चमचा घालणं जरा अवघड जात होतं, एवढाच फरक. त्यांनी माना वाकड्या करून जमवलं.

आणि मैदानाकडून एक मोठा, थकलेला सुस्कारा आला. सामना संपला होता. हरले होते.

गॉर्डीने ताट खाली ठेवलं, हातमोजे चढवले आणि डोळ्यांवर चष्मा लावला. "अर्विड, वाईट वाटतंय रे. पण वेळ झाली."

"थोडं थांब!"

"गर्दी निघाली."

"गॉर्डी, अरे, तूही यातूनच गेलायस ना!"

"गेलोय," गॉर्डी म्हणाला. त्याचा आवाज चष्म्यामागून जरा ओला आला. "म्हणूनच मी स्वतः कापतोय. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही." त्याने पत्रा कापायच्या यंत्राची दोरी ओढली. यंत्र घरघरलं. लेनोराबाईंनी लोण्याचे हात डोळ्यांवर घेतले. अर्विडने पाठीखाली हात नेला आणि तो गुळगुळीत काठ चाचपत राहिला.

"थांब रे, गॉर्डी! पोराला आधी जेवू दे!"

गर्दी दुभंगली. हाल्वर्सनबाई! नव्वदीला टेकलेल्या, चाकांच्या आधारकाठीला धरून, एकेक पाऊल टाकत हिरवळीवरून येत होत्या. काठीच्या पुढच्या टोपलीत टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. या बाईंनी चर्चच्या तळघरात दर रविवारी वसतिगृहातल्या पोरांना फुकट जेवू घातलं होतं, पिढ्यानपिढ्या. ज्या वर्षी बर्फाने रस्ते बंद झाले आणि खाणावळीत नुसते बिस्किटाचे पुडे उरले, त्या वर्षी अर्विड जगला तो यांच्या हॉटडिशवर. गॉर्डीही. ड्वेनही. गॉर्डीने यंत्र बंद केलं आणि टोपी काढली.

"फक्त खाऊन होईपर्यंत हं, बाई."

"होईल रे लगेच. भूक लागली असेल त्याला." बाईंनी टॉवेल उलगडला. वाफ आली. चमचा भरला. वर सोनेरी बटाटा. "घे, अर्विड."

अर्विड डोळ्यांपर्यंत भरला होता. शिंक आली असती तर नूडल्स आल्या असत्या. "नको नको, बाई," तो म्हणाला.

"अरे, घे."

"उगाच कशाला तुम्हाला त्रास..."

आता तिसरी वेळ. सगळ्या हिरवळीला ठाऊक होतं पुढे काय होणार. समोरच्या चार बायांनी तर नकळत आपलीच तोंडं उघडली. चमचा त्याच्या ओठांशी आला. उलट्या आभाळात एका बाजूला चमचा, दुसऱ्या बाजूला गॉर्डीचं यंत्र, आणि मध्ये नेढ्याचा काठ. आणखी एक घास, आणि मग काही उपाय नाही, हे अर्विडला पोटातून कळलं.

"घे रे, बाळा," हाल्वर्सनबाई म्हणाल्या.

"नकोऽऽऽऽ!"

हा 'नको' साधा नव्हता. अर्विडने आयुष्यात जे जे मुकाट गिळलं होतं, म्हणजे गाजराची जेलो, मेव्हण्याचं अकॉर्डियन, विम्याचा एजंट, चर्चच्या समितीचं सचिवपद, बारा कोंबड्या, त्या सगळ्यांचे उरलेले 'नको' एकत्र होऊन आले. तो इतका लांबला की अर्विडच्या अंगात श्वास म्हणून काही उरलाच नाही. पोट खपाटीला गेलं. तिकडे ड्वेनच्या हातातला दोर किंचित ढिला पडला, आणि गोठ्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला अशा वेळी विचार करावा लागत नाही. त्याने पाय रोवले आणि मागे झोकून दिलं.

फट्! मोठ्या बाटलीचं बूच उडावं तसा अर्विड बाहेर आला आणि ड्वेनवर आदळला.

"सकाळी मी वजन कमीच धरलं होतं," ड्वेनचा आवाज खालून आला.

वारा होताच. नेढं वाजलं, हूऽऽ. लोण्यामुळे जरा गुळगुळीत, पण तोच सूर.

कोणीही तिकडे लक्ष दिलं नाही. सगळी हिरवळ बघत होती ती चमच्याकडे. हाल्वर्सनबाईंचा हात हवेत तसाच थांबला होता.

"नको म्हणाला?" बाईंनी विचारलं.

"गरम असेल," कोणीतरी म्हणालं.

"उलटा होता ना, रक्त डोक्यात जातं," दुसरीने सावरलं.

"आईकडून जर्मन ना तो, ते लोक तोंडावरच बोलतात," तिसरी कुजबुजली.

अर्विड उठला. लोण्याने निथळत, एका पायात मोजा आणि पायांत दोर अशा अवस्थेत तो उड्या मारत शिल्पाला वळसा घालून आला आणि बाईंसमोर उभा राहिला. शिल्प वाचलं होतं, पण आपण जिल्ह्यातून उठलो, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. "बाई, मी... म्हणजे तुमचं जेवण... त्या हिवाळ्यात..."

बाईंनी त्याचा कान धरून त्याला खाली वाकवलं. "किती वर्षं वाट बघितली रे," त्या हळूच म्हणाल्या, "कोणीतरी नको म्हणावं म्हणून! एकदा जरी कोणी म्हणालं असतं ना, तर दर रविवारी करत बसले नसते. मी स्वतः कधी खात नाही हे. मशरूम बघवत नाही मला!"

मग त्यांनी टॉवेल पुन्हा गुंडाळला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्याला गरम लागलं हो! गॉर्डी, तू घे."

"नको नको," गॉर्डी म्हणाला.

निरोप घेण्यात सगळी संध्याकाळ गेली. इथे 'बरं, निघतो' म्हणून मांडीवर थाप मारली की निदान तासभर तरी कोणी निघत नाही. हिरवळीवर बोलणं झालं, मग पायवाटेवर झालं, मग गाडीच्या दाराशी झालं, मग काच खाली करून झालं. ड्वेनने घोट्याचा दोर सोडून घेतला आणि दोन दिवस आडवं न पडता पाणी भरपूर प्यायचं, अशी सूचना दिली. लेनोराबाई बादलीभर गरम पाणी आणून शिल्प पुसत होत्या. हळूहळू सगळे पांगले.

अर्विडने चर्चच्या तंबूतला एक जुना टेबलपोस गुंडाळून घेतला होता. तो गाडीत बसून वाट बघत होता, कारण मार्लिस 'सुई पडली असेल तिथे, बघून येते' म्हणून परत गेली होती. शेवटचं ऊन हिरवळीवर आडवं पडलं होतं. गाडीच्या आरशात त्याला नेढं दिसत होतं आणि त्याच्याजवळ मार्लिस.

ती काही शोधत नव्हती. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. विणकामाची पिशवी आधी नेढ्यातून पलीकडे टाकली. मग घागरा गुडघ्याशी चिमटीत धरला, तिरकी झाली, आणि पत्र पेटीत पडावं तशी अलगद आत गेली. एक क्षण ती दिसेनाशी झाली. मग पलीकडे उभी होती, केस नीट करत, वीस वर्षांच्या मुलीसारखी स्वतःशीच हसत.

दिवसभरात एकालाही विचारायचं सुचलं नव्हतं, की मार्लिस, तुला जायचंय का?

ती आली, दार उघडून बसली, पट्टा लावला. "काय बघतोस? काढ गाडी."

"सापडली सुई?"

"सापडली." गाडी फाटकापर्यंत आली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पोट आत घ्यायचं असतं, अर्विड. एवढंच असतं त्यात."

 अर्विडला सांगायचं पुष्कळ होतं, पण तो मिनेसोटाचा माणूस; त्याने नुसता हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला.

"आधी ते लोणी पूस," मार्लिस म्हणाली.